जुना डबा आणि घरचे वाय-फाय

महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरात कॉम्प्युटर शिरला तो बराचसा एमएस-सीआयटीचे बोट धरून. २००१ साली एमकेसीएलने हा अभ्यासक्रम आणला, सरकारी नोकरीसाठी प्रमाणपत्र लागू लागले आणि तालुक्याच्या गावांतही क्लास निघाले. पोराला सराव हवा म्हणून कुणी हप्त्याने, कुणी सुटे भाग जुळवून डेस्कटॉप घेतला. मालेगाव, रिसोड, वाशीमकडच्या घरांत तसला डबा आजही कोपऱ्यात सापडतो. वर जुन्या चादरीचे झाकण, आत दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या लग्नांचे फोटो. दरम्यान फायबर आले, केबलवाल्याने राउटर भिंतीला ठोकून दिला आणि घरातून विचारणा सुरू झाली, की यालाही वाय-फाय लागेल का?

लागेल. फक्त त्याच्यासाठी घरच्या वाय-फायचे कुलूप कच्चे करू नये.

ती वेळ येते ती डब्यातल्या जुन्या वाय-फाय कार्डामुळे. वाय-फायच्या पहिल्या कुलपाचे नाव डब्ल्यूईपी. २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर या तीन अभ्यासकांनी त्यातले मूळ दुखणे जगापुढे मांडले आणि पुढे तर काही मिनिटांत ते फोडणारे प्रोग्राम फुकट मिळू लागले. २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ हे नवे कुलूप आले. मार्च २००६ पासून वाय-फायचा अधिकृत शिक्का हवा असलेल्या नव्या उपकरणांना ते सक्तीचे झाले. त्याआधीच्या कार्डाला बहुधा नवे कुलूप कळत नाही. विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकलाही त्यासाठी वेगळी पुरवणी लागे, तिसऱ्यात ती आयती आली. पासवर्ड बरोबर, तरी जोडणी होत नाही, म्हणून कुणीतरी हुशार भाचा राउटरची सेटिंग उघडतो आणि ‘ओपन’ करून मोकळा होतो. काम झाले, चहा झाला, भाचा गेला. राउटर तसाच उघडा.

उघड्या राउटरने काय होते, ते नवी मुंबईने पाहिले आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला होता. पोलिसांनी माग काढला तो सानपाड्यातल्या एका फ्लॅटपर्यंत. तिथे राहणाऱ्याने मेल पाठवला नव्हता. त्याचे वाय-फाय दुसऱ्याने वापरले होते. तरीही चौकशीचा ससेमिरा त्याच्याच मागे लागला. पुढच्या मेलांसाठी माटुंग्याच्या एका कॉलेजचे आणि चेंबूरच्या एका कंपनीचे नेटवर्क वापरले गेले. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी लॅपटॉप घेऊन उघडी नेटवर्क हुडकण्याची मोहीम जाहीर केली, फेब्रुवारीत दूरसंचार खात्यानेही वाय-फाय सुरक्षित ठेवण्याच्या सूचना काढल्या. मेल कुणाच्या बोटांनी टाइप झाला हे राउटरला कळत नाही. बाहेर दिसतो तो घरमालकाच्या जोडणीचा पत्ता.

दुसरी अडचण वेगाची. १९९९ च्या ८०२.११-बी प्रकारचे कार्ड फार तर सेकंदाला ११ मेगाबिट बोलते, २००३ च्या ‘जी’चे ५४. हवेतली वाहिनी मात्र सगळ्यांत एकच; ग्रामसभेत माइक एक आणि बोलणारे दहा, तसे. दीड हजार बाइटचे एक पाकीट ५४ च्या वेगाने हवेत जायला पाव मिलिसेकंदही लागत नाही. तेच सिग्नल कमजोर पडून जुने कार्ड १ मेगाबिटवर घसरले की १२ मिलिसेकंद माइक अडवून धरते. मोबाइलवरचा व्हिडिओ गोल गोल फिरत राहतो आणि शिव्या कंपनीला बसतात.

म्हणून पहिला आणि सर्वांत चांगला उपाय म्हणजे वायर. बिनतारी नेटवर्कच्या व्याख्यानात वायरची शिफारस विचित्र वाटेल, पण राउटरच्या मागे बहुधा एखादे लॅनचे भोक रिकामे असते आणि जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरही बहुतेक तसेच भोक असते. कॅट-फाइव्ह-ई केबल १०० मीटरपर्यंत चालते. मागच्या दारापासून पुढच्या ओसरीपर्यंत कितीतरी उरते. टोकाच्या क्लिपमध्ये तारांचा क्रम पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. गंमत अशी, की १०० मेगाबिटच्या जोडणीत यातल्या नारिंगी आणि हिरव्या जोड्याच काम करतात. उंदराने तपकिरी जोडी कुरतडली तरी डबा चालू राहतो.

वायर ओढणे जमत नसेल तर यूएसबीचे छोटे वाय-फाय ॲडॉप्टर घ्यावे. मात्र खोक्यावर कोणती विंडोज लिहिली आहे ते दुकानातच वाचावे, एक्सपीचा ड्रायव्हर आता क्वचितच मिळतो. जागाही बघावी. टिनाचे पत्रे आणि सळयांचा स्लॅब लहरी अडवतात. ५ गिगाहर्ट्झपेक्षा २.४ च्या लहरी भिंतीपलीकडे जास्त पोचतात आणि जुन्या कार्डांना बहुधा तेवढीच पट्टी ऐकू येते.

जोडणी झाली, तरी सातबाऱ्याचे संकेतस्थळ उघडेलच असे नाही. ‘हे कनेक्शन सुरक्षित नाही’ असा फलक आला, की आधी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहावी. मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ हा नाण्याएवढा सेल संपला असेल, तर वीज गेल्यावर कॉम्प्युटर थेट २००२ मध्ये जातो आणि आजची सगळी सुरक्षा-प्रमाणपत्रे त्याला अवैध दिसतात. सेल बदलला, तारीख लावली, पुष्कळदा तेवढ्याने भागते. नाही भागले तर दोष प्रणालीचा. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज सातचा १४ जानेवारी २०२० ला, दहाचा १४ ऑक्टोबर २०२५ ला. एक्सपीवर बँकेचे व्यवहार मुळीच करू नयेत. २००६ नंतरच्या कोअर-टू-ड्युओ यंत्रात दोन जीबी रॅम असेल तर हलके लिनक्स बरे चालते. त्याहून जुन्या ३२ बिटच्या पेन्टियमला अँटी-एक्स हा पर्याय उरतो.

आणखी एक उपयोग सहसा कुणी सांगत नाही. वाय-फाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली तरी वीज असेपर्यंत घरातले नेटवर्क चालूच असते. वायरने जोडलेल्या डब्यात कीविक्स हा मोफत प्रोग्राम टाकावा आणि २००३ पासून वाढत आलेला मराठी विकिपीडिया एकदाच उतरवून ठेवावा. मग घरातल्या कुठल्याही मोबाइलच्या ब्राउझरमध्ये त्या डब्याचा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता आणि कीविक्स दाखवेल तो पोर्ट टाकला, की लेख उघडतात, डेटा खर्च होत नाही. तेवढे करायचे असेल तर राउटरमध्ये त्या डब्याचा पत्ता कायमचा बांधून घ्यावा, नाहीतर राउटर पुन्हा सुरू झाल्यावर तो बदलू शकतो.