मिरजेचे गाणे आणि आपले



गाण्याचा उत्सव मोठ्या शहरातच व्हावा असे थोडेच आहे? मिरज पाहा. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली प्रवासात, मद्रासजवळच्या एका लहानशा स्टेशनावर वारले. दफन मात्र मिरजेला, मीरासाहेबांच्या दर्ग्यात झाले. तेथे उरुसात, चिंचेच्या झाडाखाली, थोर थोर गवई त्यांच्या स्मरणार्थ हजेरी लावतात.

खाँसाहेबांची कन्या हिराबाई बडोदेकर. कुलीन बाईने चारचौघांत गाणे लाजिरवाणे समजत, त्या काळी त्या तिकीट लावून, ताठ मानेने गायल्या. आणि आपण? जात्यावर, पाळण्यापाशी गळा मोकळा. मंडळात ‘गा’ म्हटले की पदर तोंडावर!

येत्या कोजागिरीला पेटी मी आणते. पहिली कोण गाणार, ते आजच सांगा.