स्कीला परवानगी नको, इंजिनाला हवी

आजचा भाग एका श्रोत्याच्या प्रश्नावर आहे. हा श्रोता नोकरीसाठी फिनलंडमध्ये राहतो. दोन हिवाळे लिफ्ट असलेल्या उतारांवर स्की शिकलाय, आता त्याला बॅककंट्रीत जायचंय. म्हणजे लिफ्ट नाही, आखलेला उतार नाही. स्कीच्या तळाला केसाळ पट्टे चिकटवायचे, स्वतःच्या पायांनी डोंगर चढायचा आणि मोकळ्या बर्फावरून खाली यायचं. अडचण एवढीच की लॅपलँडमधला त्याच्या मनातला डोंगर रस्त्यापासून बराच आत आहे. मित्राकडे स्नोमोबाईल आहे. त्याचा प्रश्न असा: "इथे कुणाच्याही रानातून फिरता येतं म्हणतात. मग स्नोमोबाईलने पायथ्यापर्यंत गेलो तर कुणाला विचारायला हवं का?"

उत्तर: हो, विचारायला हवं. आणि का विचारायचं, हे समजलं की कसं विचारायचं तेही आपोआप कळतं.

आधी तो "फिरता येतं" वाला भाग बघू. आपल्याकडे वहिवाट असते. ती एका ठरावीक वाटेपुरती आणि ठरावीक लोकांपुरती. फिनलंडमधला हक्क त्याहून फार मोठा आहे. त्याचं नावच मुळी "प्रत्येकाचा हक्क". जमीन कुणाचीही असो, तुम्ही तिच्यावरून चालू शकता, स्की करू शकता, बेरी आणि मश्रूम वेचू शकता. परदेशी असलात तरी. फक्त कुणाच्या घराच्या अंगणात शिरायचं नाही आणि नुकसान करायचं नाही.

पण हा हक्क पायांचा आहे, इंजिनाचा नाही. फिनलंडचा 1995 चा रानातल्या वाहतुकीचा कायदा सरळ सांगतो की जमिनीवरून मोटारवाहन न्यायचं असेल तर मालकाची किंवा ती जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याची परवानगी लागते. बर्फाखालची जमीनही जमीनच. गोठलेलं तळं मात्र वेगळं. तिथे, स्थानिक बंदी नसेल तर, परवानगीशिवाय स्नोमोबाईल चालवता येते. पण तळ्यावर उतरायला काठ ओलांडावा लागतो आणि काठ कुणाचा तरी असतो!

शेजारच्या देशांत काय आहे, तेही सांगतो. कारण लॅपलँडमध्ये सीमा कधी ओलांडली हे बर्फात कळतही नाही. किल्पिसयार्वी गावाजवळ एका तळ्यात काँक्रीटचा पिवळा स्तंभ आहे. फिनलंड, स्वीडन आणि नॉर्वे तिथे एकमेकांना भिडतात. त्या एका स्तंभाभोवती तीन वेगवेगळे कायदे आहेत. स्वीडनच्या 1975 च्या कायद्यात बिनबर्फाच्या जमिनीवर मौजेखातर वाहन चालवायला बंदी आहे. बर्फ असेल तर बंदी मुख्यतः कोवळ्या झाडांच्या आणि शेतीच्या जमिनीवर. शिवाय डोंगराळ भागात असे पट्टे राखून ठेवलेत, जिथे फक्त आखलेल्या मार्गावरूनच जाता येतं. नॉर्वे सगळ्यात कडक. तिथे स्कीने फिरण्याचा हक्क 1957 पासून कायद्यातच लिहिलाय, पण 1977 च्या कायद्याने रानात इंजिनाला मुळातच मनाई केली. म्हणजे तिथे मालक "जा" म्हणाला तरी तेवढं पुरत नाही. 2015 च्या बदलानंतर नगरपालिका मौजेसाठी स्नोमोबाईलचे मार्ग आखू शकते, पण ज्याच्या जमिनीवरून मार्ग जातो त्याची संमती आधी घ्यावी लागते. दाराला दोन कुलुपं आणि किल्ल्या दोघांकडे, असा मामला.

आता मूळ प्रश्नाकडे. फिनलंडमध्ये विचारायचं कुणाला?

पहिलं काम, जमीन कुणाची ते शोधणं. राष्ट्रीय भूमापन खात्याचा नकाशा इंटरनेटवर फुकट बघता येतो. त्यावर हद्दी दिसतात आणि प्रत्येक तुकड्याचा क्रमांकही. आपल्याकडच्या गट नंबरासारखा. तो क्रमांक देऊन खात्याकडे मालकाची चौकशी करता येते. उत्तर लॅपलँडमधली बरीचशी जमीन सरकारी आहे. ती मेत्साहाल्लितुस ही संस्था सांभाळते. तिथे परवाना त्यांच्याकडून घ्यायचा. राष्ट्रीय उद्यानं आणि राखीव भागांत नियम अजून कडक असतात. काही जंगलं सामायिक असतात, मालक अनेक आणि कारभार एका मंडळाकडे. तिथे एका भागीदाराने मान डोलावली म्हणून काम झालं असं समजू नका.

आणि एक गोष्ट आधी तपासा. तिथे अधिकृत स्नोमोबाईल मार्ग आहे का? कायद्याने आखलेल्या मार्गावर मालकाची वेगळी परवानगी लागत नाही. सरकारी जमिनीवर दुसऱ्या प्रकारचे, सशुल्क परवान्याचे मार्गही असतात. कित्येकदा प्रवासाचा मोठा भाग अशा मार्गावर होतो आणि शेवटच्या दोनेक किलोमीटरपुरतंच कुणाला तरी विचारावं लागतं. मागणी जेवढी लहान, तेवढा होकार सोपा.

दुसरं, मालकाला कसली धास्ती असते ते समजून घ्या. त्याला तुमची एक फेरी खुपत नाही. स्नोमोबाईल गेली की मागे दाबलेल्या बर्फाची टणक पट्टी राहते. दुसऱ्याला ती दिसते, तो तिच्यावरून जातो, मग तिसरा. दोन आठवड्यांत न मागितलेला रस्ता तयार! त्याच बर्फाखाली त्याने लावलेली पाइनची रोपं असतात. शेंडा मोडला की झाड वाकडं वाढतं, आणि ते लाकूड विकायला अजून कित्येक दशकं असतात.

मग रेनडियर. उत्तरेत ते जमिनीच्या मालकीची पर्वा न करता चरतात, आणि तो त्यांच्या पालकांचा कायदेशीर हक्क आहे. हिवाळ्याच्या शेवटी माद्या गाभण असतात, अंगात चरबी उरलेली नसते. इंजिनाच्या आवाजाने कळप खोल बर्फात धावला तर ती शक्ती परत भरून येत नाही. म्हणून मालकाने होकार दिला तरी त्या भागातल्या पालकांना कळप सध्या कुठे आहे हे विचारून घ्या.

आता प्रत्यक्ष विचारणं. "तुमच्या जमिनीवरून जाऊ का?" एवढंच विचारलं तर नकार येणं स्वाभाविक आहे. कशाला हो म्हणतोय हेच त्याला कळत नाही. नेमकं सांगा: आम्ही दोघे, एक स्नोमोबाईल, मार्चमधला अमुक शनिवार, नकाशावर आखलेली ही रेघ, जाताना आणि येताना एकच माग. गाडी इथे उभी करू, पुढे स्कीने. गाडीची नोंदणी आणि विमा आहे. हा माझा नंबर. "तुम्हाला दुसरी बाजू बरी वाटत असेल तर सांगा," हेही विचारा, कारण रोपं कुठे आहेत हे त्यालाच माहीत असतं. होकार मेसेजवर घ्या. तो त्या दिवसापुरता आणि त्या लोकांपुरताच समजा. आणि मेहेरबानी करून तो माग इंटरनेटवर टाकू नका. परत आल्यावर एक फोन करा. गाव जवळ असेल तर कॉफीचं पाकीट घेऊन जा. फिनलंडमध्ये कॉफीला कोण नाही म्हणणार?

आणि तो नाही म्हणाला तर? तर नाही. कारण द्यायला तो बांधील नाही. पण बघा, त्याचा नकार फक्त इंजिनाला आहे. स्की लावून त्याच जमिनीवरून जायला तुम्हाला कुणी अडवू शकत नाही. पहाटे निघावं लागेल, वाटेत तंबूत एक रात्र काढावी लागेल, डोंगर मात्र तोच मिळेल.

पायांचा हा हक्क फिनलंडमध्ये कुठल्या एका कायद्यात बांधलेला नाही. तो बराचसा रिवाजावर, म्हणजे लोकांच्या भरवशावर उभा आहे. न विचारता घुसलेली प्रत्येक स्नोमोबाईल तो भरवसा थोडा खरवडते, आणि त्याची किंमत पुढे चालणाऱ्यांना आणि स्की करणाऱ्यांना मोजावी लागते. म्हणून विचारा.

तुमचेही असे प्रश्न असतील तर जरूर पाठवा. भेटूया पुढच्या भागात.