केटी देणारे आणि घेणारे

अमेरिकेच्या कानाकोपऱ्यातून लॉस एंजेलिसला आलेल्या मराठी अभियंता बंधुभगिनींनो,

स्वागताध्यक्षाने आपल्या गावाची थोरवी सांगावी, ही आपली रीत. मी आज गावाची दुखरी बाजू सांगणार आहे.

इथून जवळच रोझमीडला सदर्न कॅलिफोर्निया एडिसन या वीज कंपनीचे मुख्यालय आहे. 2014-15 मध्ये तिने आयटीचे काम टीसीएस आणि इन्फोसिस या भारतीय कंपन्यांकडे सोपवले. सुमारे 400 जणांची नोकरी गेली, आणखी शंभरेक जण स्वतःहून बाहेर पडले. अनेकांना जाण्यापूर्वी आपल्या जागी येणाऱ्यांना काम शिकवावे लागले. त्याच सुमारास ऑर्लँडोला डिस्नेतही हेच घडले.

आपल्या जागी येणाऱ्याला असे काम शिकवण्याला आपण ‘केटी’, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, म्हणतो. इथल्या बहुतेकांनी ती कधी ना कधी घेतली आहे. अलीकडे काहींनी दिलीही आहे, कारण काम पुण्याच्या हिंजवडीला जाते तेव्हा इथे उभी हयात घालवलेल्या आपल्या माणसाचीही खुर्ची जाते. केटीत काय चालते, हे वेगळे सांगायला नको. महिनाअखेरचा जॉब रात्री अडकला तर आधी कुठला लॉग बघायचा, कोणाला उठवायचे, हे शेजारी बसलेला माणूस सांगत असतो. जागून जागून कमावलेली ही माहिती कुठल्याच कागदावर नसते. ती नीट दिली नाही तर सेव्हरन्स, म्हणजे नोकरी जाताना मिळणारी भरपाई, अडकतो. घेणारा पंचविशीतला, त्याचा व्हिसा कंपनीच्या हातात. समोरच्याच्या नजरेला नजर देणे त्याला जड जाते.

या दोघांत भांडण लावणे फार सोपे आहे, आणि ते लावलेही जाते. मला दोष नियमांत दिसतो. एच-वन-बी व्हिसावर मोठ्या प्रमाणावर विसंबणाऱ्या कंपन्यांनी इथल्या कामगाराला हटवू नये, असे कायदा म्हणतो. पण वर्षाला 60,000 डॉलर पगार दिला की त्यातून सूट मिळते. हा आकडा 1998 साली ठरला, तो अजून तसाच आहे. काम परदेशी गेल्यामुळे बेकार झालेल्यांना प्रशिक्षण आणि भत्ता देणारी, 1974 च्या व्यापार कायद्यातली योजना होती. 1 जुलै 2022 पासून नव्या कामगारांना तिचे दार बंद झाले.

म्हणून नोकरी गमावलेल्या स्थानिक अभियंत्यांनाही आम्ही अगत्याने बोलावले आहे. ते पहिल्या रांगेत बसले आहेत, दुपारच्या सत्रात बोलतील. त्या वेळी ‘मार्केट आहे, चालायचंच’ असे कृपा करून कोणी म्हणू नये. सेव्हरन्ससाठी केटीची सक्ती नको, या त्यांच्या मागणीला पाठिंबा देणारा ठराव स्वागत समितीने तयार केला आहे. मसुदा दाराजवळच्या टेबलावर आहे. जेवणाआधी वाचा आणि पटला तर सही करा.