प्रिंटरचा पत्ता बदलला!

श्रोतेहो, उद्या मुलीची परीक्षा, हॉलतिकीट छापायचं आणि प्रिंटर नेमका ‘ऑफलाइन’! शेजारपाजारचे असे फोन मला नेहमी येतात. मी आधी दोनच गोष्टी विचारतो : मध्ये लाइट गेली होती का? की राउटर नवा आणलात?

राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता देतो. लाइट जाऊन आली, की प्रिंटरला कधी कधी नवाच पत्ता मिळतो. संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर मजकूर धाडत बसतो. अशा वेळी प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्कची माहिती छापून घ्या. त्यावरचा पत्ता पाहून संगणकाला प्रिंटर नव्याने जोडा आणि राउटरमध्ये तो पत्ता प्रिंटरसाठी राखून ठेवा. मग पुन्हा हा घोळ होत नाही.

राउटरच नवा असेल, तर प्रिंटरला नवा पासवर्ड द्यावा लागतो. शिवाय घरगुती वापराचे बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय ओळखतात, ५ गिगाहर्ट्झचं त्यांना दिसतच नाही. तेव्हा २.४ चं नेटवर्क निवडा.

एवढं करूनही जमलं नाही, तर सरळ यूएसबीची वायर लावा. हॉलतिकीट तर निघेल! दुरुस्तीवाल्याला बोलवायचं की नाही, ते पेपर झाल्यावर पाहू.