मेन स्विच हाताशी असू द्या



आपल्या बीड जिल्ह्यात माळवदाची घरे आहेत, पत्र्याचीही आहेत. मृगाचा पाऊस लागला की भिंती ओल धरतात. म्हणून आज दोन शब्द घरातल्या विजेच्या बोर्डाविषयी.

बोर्ड गळत नसलेल्या भिंतीवर, दाराजवळ, डोळ्यांच्या उंचीवर बसवावा. रांजण, मोरी, चूल यांपासून लांब. गोठ्यात नको. पत्र्यावर तर नकोच. वायर सोलली की सगळ्या पत्र्यात करंट उतरतो. बोर्डापुढे पोती रचू नका. माणूस विजेला चिकटला तर त्याला हाताने ओढायचे नाही, आधी मेन स्विच बंद करायचा. तिथे पोती सरकवत बसलात, तर माणूस हातचा जातो.

आपली जमीन मुरमाड. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, मग अर्थिंग काम देत नाही. त्यात अधूनमधून पाणी घालत जा. फ्यूजला जाड तार बांधू नका. ३० मिलिअँपिअरचा अर्थ लीकेज ब्रेकर बसवून घ्या. त्याचे टेस्ट बटण महिन्याला दाबून पाहा. ब्रेकर पडला नाही तर तो बदला.

ही कामे परवानाधारक वायरमनकडूनच करावीत. मीटर हलवायचे तर महावितरणकडे अर्ज द्या.

ऊसतोडीला जाताना घराला कुलूप लावण्याआधी मेन स्विच बंद करा. मागे म्हातारी माणसे राहणार असतील, तर तो त्यांना दाखवून, एकदा त्यांच्याच हाताने बंद करवून मगच गाडीत बसा.