दोघांकडेही संगणक, मग खेळतं कोण?



मी पत्राचं बुद्धिबळ खेळतो हे काल रात्री गप्पांत निघालं, तेव्हा आपल्यातल्या एकीने विचारलं, "तुझ्याकडे संगणक, समोरच्याकडेही संगणक. मग खेळतं कोण?" सगळे हसले. प्रश्न मात्र खरा आहे, म्हणून आज त्यावरच बोलतो.

आधी हा खेळ काय, ते सांगतो. पूर्वी पोस्टकार्डावर चाल लिहून पाठवायची. भाषेची अडचण नको म्हणून पटावरच्या घरांना आकडे दिलेले होते. राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे, म्हणजे ५२५४. एकेक डाव दोन-तीन वर्षं चाले. आता पोस्टमनची वाट बघावी लागत नाही, चाल सर्व्हरवर टाकतात. पण विचाराला दिवसच्या दिवस मिळतात. आणि या खेळाची जागतिक संघटना, आयसीसीएफ, संगणक वापरायला परवानगी देते. घरी बसून कोण काय वापरतंय हे तपासणार कोण? बंदी घातली असती तर प्रामाणिक माणसंच हरली असती.

इथे मला हान्स बर्लिनर आठवतात. हे अमेरिकन गृहस्थ १९६५ ते ६८ या काळातली पत्रबुद्धिबळाची जागतिक स्पर्धा जिंकले. १६ डाव, १२ विजय, ४ बरोबऱ्या, हार एकही नाही. तेही नुसत्या डोक्याच्या बळावर. पुढे हाच माणूस कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकाला बुद्धिबळ शिकवायला बसला! यंत्र कुठे फसतं हे त्यांनी नेमकं पकडलं आणि त्याला 'क्षितिजाचा परिणाम' असं नाव दिलं. समजा, यंत्राला सहा चालींपर्यंतचंच दिसतंय आणि त्याचा उंट अडकलाय. मग ते मधे एकेक प्यादं फुकट देत सुटतं. उंट मरतो सातव्या चालीला, म्हणजे त्याच्या नजरेपलीकडे. यंत्र समजतं, उंट वाचला. परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तकं कपाटात ठेवून देणारे आपल्या वर्गात काही जण होते, तसंच हे. (नावं घेत नाही, पहिल्या रांगेत बसलेत.)

आजची यंत्रं फार लांबचं बघतात. १९९७ साली डीप ब्लूने कास्पारोव्हना हरवलं, आणि आता तर समोरासमोरच्या लढतीचा प्रश्न निकालात निघाला आहे. तरी काही जागा उरल्या आहेत. प्यादी एकमेकांना अडवून बसली आहेत, एका बाजूकडे हत्ती जास्त आहे, पण आत शिरायला वाटच नाही. अशा तटबंदीत यंत्र कधी कधी चाळीस चाली झाल्या तरी 'मी जिंकतोय' असाच आकडा दाखवत राहतं. अनुभवी माणूस पट बघूनच ओळखतो की इथे काही होणार नाही. म्हणून बचाव करणारा त्या तटबंदीकडे डाव वळवतो आणि चढाई करणारा प्यादी मोकळी ठेवतो. हा निर्णय पंधरा-वीस चाली आधी घ्यावा लागतो, आणि तो माणूस घेतो. यंत्राला कुठली फांदी खोलवर तपासायला लावायची, त्याची पहिली पसंती कधी बाजूला ठेवायची, हेही माणूसच ठरवतो.

पण खरं सांगायचं तर ही जागा दरवर्षी आक्रसते आहे. वरच्या स्पर्धांत बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. महिनोन्महिने डोकं घालायचं आणि शेवटी अर्धा गुण! काही चांगले खेळाडू कंटाळून सोडून गेले, त्यांना मी दोष देत नाही. संगणक निषिद्ध असलेल्या पत्रस्पर्धाही आहेत, अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेच्या आहेत. तिथे सगळी भिस्त शब्दावर.

मी अजून खेळतो. रात्री लॅपटॉप बंद करून लाकडी पट मांडतो, यंत्राने सुचवलेली चाल का आवडत नाही हे वहीत लिहितो, आणि सकाळी ते तपासतो. दहातल्या नऊ वेळा यंत्रच बरोबर निघतं. दहाव्या वेळी बायकोला उठवून सांगतो. आता तीही विचारते, "किती चाली राहिल्या?"