मोबाईलमधली कापूसकोंड्याची गोष्ट

आम्ही गणेशपुरीच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. तानसा नदीच्या काठचं, गरम पाण्याच्या कुंडांचं आमचं गाव तुमच्यातल्या बऱ्याच जणींना ठाऊक असेल. कुणी नित्यानंद बाबांच्या समाधीला आल्या असाल, कुणी वज्रेश्वरीची ओटी भरून परत जाताना इथे थांबल्या असाल.

आज आम्ही खेळांबद्दल बोलणार आहोत. तेही अशा खेळांबद्दल, ज्यांचा काही म्हणजे काही उपयोग नाही. तुम्ही म्हणाल, रेडिओवर बोलायला मिळालं आणि या बाया हे काय घेऊन बसल्या? पण शेवटपर्यंत ऐका. यात आमच्या एका मैत्रिणीचं कर्ज आहे.

गेल्या श्रावणातली गोष्ट. गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वही मिटली, पण बाहेर पाऊस असा कोसळत होता की कुणाला उठता येईना. आमच्यातल्या एकीची भाची आली होती. ती भिवंडीला कॉम्प्युटर शिकते. ती म्हणाली, "मावशी, मी मोबाईलवर कोडी बनवलीत. सोडवून बघा ना."

पहिलं होतं चित्र जुळवायचं कोडं. तुकडे जोडून गणपतीचं चित्र पूर्ण करायचं. आम्ही चष्मे पुसून बसलो. बघतो तर तुकडा एकच! तो उचलला, चौकटीत ठेवला, झालं चित्र. वर मोबाईल टाळ्या वाजवतो, "शाब्बास! तुम्ही जिंकलात!"

दुसरं सुरुंगाचं. हा खेळ पूर्वी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर असायचा. मायक्रोसॉफ्ट कंपनीनं १९९२ साली विंडोजबरोबर तो दिला आणि जगभरचे कारकून तो खेळले. पडद्यावर चौकोन असतात, काहींखाली सुरुंग लपलेले. चौकोन उघडला की आकडा दिसतो. त्याला लागून असलेल्या घरांत किती सुरुंग आहेत ते तो आकडा सांगतो. त्यावरून अंदाज बांधत जायचं. भाचीच्या खेळात चौकोन शंभर, पण सुरुंग एकही नाही. आमच्या काकू मात्र दर चौकोनाला "नको गं, फुटेल" म्हणत डोळे मिटून बोट लावत होत्या.

तिसरी सरकत्या आकड्यांची डबी. वज्रेश्वरीच्या जत्रेतून आपण मुलांना घेऊन देतो ना, तीच. सोळा घरं, पंधरा आकडे, एक घर रिकामं. त्या रिकाम्या घरातून आकडे सरकवत ओळीनं लावायचे. भाचीनं रिकामं घरच ठेवलं नव्हतं! सोळा घरं, सोळा आकडे. काहीच हलेना. मोबाईल आपला दर मिनिटाला म्हणतोय, "थोडा आणखी प्रयत्न करा."

आम्ही हसून हसून लोळलो. मग आमच्या गटातल्या आजी म्हणाल्या, "अगं, ही तर कापूसकोंड्याची गोष्ट!"

अगदी बरोबर. लहानपणी आजीकडे गोष्टीचा हट्ट धरला की ती विचारायची, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू का? आपण हो म्हटलं तरी तोच प्रश्न, नाही म्हटलं तरी तोच प्रश्न. रडलो तरी तोच. गोष्ट काही सुरू व्हायची नाही. आपण चिडायचो, मग हसायचो, आणि दुसऱ्या दिवशी धाकट्या भावाला तसंच छळायचो. त्या गोष्टीत गोष्टच नसते, आणि मजा त्यातच असते. भाचीचे खेळ तसेच होते. कोडं नसलेलं कोडं.

भाचीनं सांगितलं की असं करणारी ती एकटी नाही. टेट्रिस नावाचा खेळ तुम्ही मुलांच्या हातात पाहिला असेल. वरून ठोकळे पडतात, ते फिरवून खाली बसवायचे. आडवी ओळ भरली की ती नाहीशी होते. मॉस्कोच्या अलेक्सेई पाजितनोव यांनी १९८४ साली तो बनवला. त्याची चेष्टा म्हणून सॅम ह्यूजेस यांनी २०१० साली 'हेटट्रिस' बनवला. त्यात कॉम्प्युटर सगळा हिशोब करतो आणि तुम्हाला नेमका तोच ठोकळा देतो, जो तुमच्या सगळ्यात कमी उपयोगाचा. आमच्या वहिनी म्हणाल्या, "म्हणजे मला आधीच ठाऊक आहे हा खेळ. गॅस संपतो तो पाहुणे आल्यावरच."

दुसरा किस्सा आपल्या गायीगुरांच्या बायांना आवडेल. २००९ साली फेसबुकवर शेतीचा एक खेळ आला, फार्मविल. लोक खऱ्या शेतीसारखे वेळेवर उठून मोबाईल-कॉम्प्युटरवरचं पीक काढायला लागले. अमेरिकेतले एक प्राध्यापक, इयन बोगोस्ट, यांना वाटलं की अशा खेळांत खरं तर काहीच नाही. ते दाखवायला त्यांनी २०१० साली एक चेष्टेचा खेळ बनवला, 'काऊ क्लिकर'. पडद्यावर एक गाय. तिच्यावर एकदा बोट टेकवायचं. मग सहा तास थांबायचं. सहा तासांनी पुन्हा बोट टेकवायचं. बास. दूध नाही, वासरू नाही, शेणही नाही! थांबायचं नसेल तर पैसे भरा. वेगळ्या रंगरूपाची गाय हवी, तरी पैसे भरा.

आणि मैत्रिणींनो, पन्नास हजारांहून जास्त लोक तो खेळायला लागले. चेष्टा होती हे उघड असूनही लोकांनी गायींसाठी पैसे मोजले. शेवटी २०११ साली बोगोस्टनी सगळ्या गायी गायब केल्या. गोठ्यात नुसती रिकामी जागा राहिली. तरी काही लोक त्या रिकाम्या जागेवर बोट टेकवत राहिले. एकानं तक्रार केली की आता पहिल्यासारखं समाधान मिळत नाही. बोगोस्टचं उत्तर असं, की ते आधी तरी कुठं मिळत होतं!

आम्ही पुन्हा हसलो. पण आमच्यातली एक जण हसली नाही. तिचं नाव सांगत नाही, पण हे सांगायला तिनंच आम्हाला मोकळीक दिली आहे. ती भाचीला म्हणाली, "तुझे खेळ निदान फुकट आहेत गं."

आणि मग तिनं सगळं सांगितलं. शिलाई मशीन घ्यायला तिनं गटातून पंधरा हजार उचलले होते. मशीन कधी आलंच नाही. आम्ही विचारलं की म्हणायची, दुकानात संपलंय, पुढच्या महिन्यात येणार. खरं असं होतं, की रात्री सगळे झोपल्यावर ती मोबाईलवर रंगीत गोट्या जुळवायची. अडकली की दहा रुपये भरून पुढची पायरी. मग त्यातच एक जाहिरात आली, पैसे लावा, दुप्पट जिंका. पहिल्या दिवशी दोनशे जिंकली. तिला वाटलं, मशीनबरोबर कपाटही येईल. दोन महिन्यांत साडेनऊ हजार गेले. घरी सांगायची हिंमत नव्हती. गटात तर त्याहून नव्हती.

क्षणभर कुणीच बोललं नाही. मग भाचीनं ती सरकत्या आकड्यांची डबी पुन्हा काढली आणि एक जुनी गोष्ट सांगितली. १८८० साली अमेरिकेत या डबीनं लोकांना वेड लावलं होतं. पुढे सॅम लॉइड नावाच्या कोडी रचणाऱ्यानं जाहीर केलं: सगळे आकडे जागेवर आहेत, फक्त १४ आणि १५ यांची अदलाबदल झाली आहे. ते सरकवून सरळ करून दाखवा आणि हजार डॉलर न्या. ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही. मिळणारच नव्हतं! आकडे नुसते सरकवून ती मांडणी कधीच जुळत नाही, हे गणिताच्या जाणकारांनी १८७९ सालीच सिद्ध केलं होतं. मांडण्यांपैकी निम्म्या अशाच न जुळणाऱ्या असतात. लॉइडला हे ठाऊक होतं. म्हणून तर तो एवढी मोठी रक्कम लावून निवांत होता.

भाची म्हणाली, "मावशी, तुझं डोकं कमी पडलं नाही. डबीच तशी होती."

तेवढं ऐकलं आणि आमची मैत्रीण मोकळेपणी रडली. इतके दिवस ती स्वतःला मूर्ख म्हणत होती.

आम्ही तिला बोल लावले नाहीत. कर्ज माफही केलं नाही, कारण ते पैसे सगळ्यांचे आहेत. हप्ता लहान केला, मुदत वाढवून दिली. दिवाळीनंतर उरलेल्या पैशांत तिनं जुनं मशीन घेतलं. आता ब्लाउज शिवते, हप्ता भरते.

तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हत्या अशा दोन गोष्टी तुम्ही वहीत लिहून ठेवा. पहिली, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला. शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा नाही. तेव्हा घाबरून लपवू नका. दुसरी, मोबाईलवरून पैशाची फसवणूक झाली तर १९३० या नंबरला लगेच फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवून धरण्याची आशा जास्त.

आता तुम्ही म्हणाल, मग मोबाईलवर खेळूच नये का? तसं आम्ही मुळीच म्हणत नाही. बाई घटकाभर रिकामी बसली तर तिला लगेच रिकामटेकडी म्हणतात. पारावर तीन तास पत्ते कुटणाऱ्यांना कुणी काही म्हणत नाही! आपल्यालाही विनाकारण हसायचा हक्क आहे. मंगळागौरीला आपण फुगड्या घालतो, त्यातून कुणाला काय मिळतं? दम लागतो आणि मन हलकं होतं. तेवढं पुरे.

फक्त कुठलाही खेळ सुरू करण्याआधी आम्ही आता तीन प्रश्न विचारतो. हा खेळ संपतो का? हरलं तर माझं काय जातं? आणि घरच्यांसमोर उघडपणे खेळता येईल का? तिन्ही उत्तरं नीट आली, तर खुशाल खेळा. भाचीचे खेळ उघड सांगत होते की आमच्यात काही नाही. जो खेळ आपल्यात खूप काही आहे असं सांगत पुन्हा पुन्हा बोलावतो, थांबलं की बक्षीस दाखवतो आणि मग पाकीट मागतो, तोही कापूसकोंड्याचीच गोष्ट आहे. फरक इतकाच, की आजी शेवटी हसून जवळ घ्यायची, आणि हा पैसे घेतो.

आमच्या बैठकीत आता वही मिटली की दहा मिनिटं असे बिनकामाचे खेळ असतात. एका तुकड्याचा गणपती आम्ही दर वेळी जुळवतो आणि दर वेळी टाळ्या वाजवतो. त्या हसण्यात एखादी गप्प बसली, तर आम्ही तिच्या शेजारी सरकून बसतो. तुमच्याही गटात असं करून बघा.

बरं, आमची वेळ संपली. जाता जाता एकच विचारतो. पुढच्या वेळी येऊ तेव्हा तुम्हाला कापूसकोंड्याची गोष्ट सांगू का?